वेड सोडा आणि पेडगावला चला

वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच वाण पडली नाही. पेडगावला खरोखर जाऊन आलेली माणसं मात्र शोधावी लागतात. शाळेत वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करायचा, उत्तरपत्रिकेत लिहायचा, गुण घ्यायचा. हे गाव आहे तरी कुठे, असं ना पोर विचारत, ना मास्तर सांगत. ते आमच्या श्रीगोंदा तालुक्यात आहे. भीमेच्या उत्तर काठावर, तालुक्याच्या अगदी दक्षिण टोकाला. नदी ओलांडली की पुणे जिल्ह्यातला दौंड तालुका लागतो. अष्टविनायकाच्या बसेस सिद्धटेकला जातात, ते सिद्धटेक इथून जवळच, याच नदीकाठी. गणपतीचं दर्शन झालं की बस वळते आणि निघून जाते.

हा लेख पेडगावसाठी मागणं मागायला लिहितो आहे. मागणं पैशाचं नाही, निदान आज तरी नाही. गावाचं सगळं संचित एकाच वेळी हातातून निसटतं आहे: दगड, कागद, जागांची नावं आणि दोन भाषा. यातलं दगडाचं दुःख डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याच्याबद्दल कोणीतरी बोलतं. बाकीचं दिसत नाही, म्हणून बोलायला लागतं.

आधी जागा समजून घ्या, कारण पेडगावचा इतिहास त्याच्या भूगोलातून निघाला आहे. भीमाशंकराच्या डोंगरात उगवलेली भीमा इथवर येते तेव्हा ती एकटी राहिलेली नसते. तुळापूरला इंद्रायणी तिला मिळालेली असते, पुढे पुण्याचं पाणी घेऊन मुळा-मुठा येते, मग कुकडीला पोटात घेऊन घोड येते. सह्याद्रीचा एवढा मोठा पाणलोट इथे एका पात्रात वाहतो. पात्राच्या दोन्ही बाजूंना मात्र बेताच्या पावसाचा, उघडा, सपाट मुलूख. आज तिथे कालव्याचं पाणी, उसाचे फड आणि लिंबाच्या बागा दिसतात. श्रीगोंद्याचं लिंबू दूरदूरच्या बाजारात जातं आणि काष्टीच्या बाजारात जनावरांचे सौदे होतात. तीनशे वर्षांपूर्वी त्या जागी ज्वारीची रानं आणि गवताळ माळ होता. घोडदळाला आणखी काय लागतं? बारमाही पाणी, चारा, आणि लपायला जागा नसलेलं मोकळं मैदान. सह्याद्रीच्या घाटवाटांत मोगलांना जे जमत नव्हतं ते इथे जमत होतं. म्हणून पेडगावचा किल्ला डोंगरावर नाही. तो भुईकोट आहे, नदीला पाठ टेकून बसलेला.

गाव त्याहून कितीतरी जुनं. किल्ल्याच्या आवारात जी देवळं आहेत ती यादवकाळाच्या आसपासची: लक्ष्मी-नारायण, बालेश्वर, मल्लिकार्जुन, रामेश्वर, पाताळेश्वर. गावाचा देव भैरवनाथ. यातलं लक्ष्मी-नारायणाचं देऊळ एकदा सावकाश बघावं, आणि सकाळी बघावं, तिरपं ऊन भिंतीवर पडलेलं असताना. बाहेरच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत मूर्ती आहेत. सुरसुंदरींच्या कमरेचा बाक, हातातल्या वस्तू, दागिन्यांचे पदर, हे सगळं काळ्या बसाल्टात कोरलेलं. बसाल्ट हा मऊ दगड नव्हे; छिन्नीला दाद न देणारा हा खडक. काही चेहरे फोडलेले आहेत, काही वाऱ्यापावसानं झिजलेत. जाळीच्या दगडी खिडक्यांतून आत उजेड येतो आणि खांबांवरचं काम हळूहळू उलगडतं. ज्यांनी हे घडवलं त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. त्यांनी कोणत्या वस्तीत मुक्काम केला, दगड कुठून काढला, हे शोधायला हवं होतं. वेरूळ-अजिंठ्याच्या छायेत नगर जिल्ह्यातली अशी देवळं कायम दुसऱ्या पंगतीला बसली.

मग सतराव्या शतकात गावाचं नशीब एकदम पालटलं. १६७२ च्या सुमारास दख्खनचा मोगल सुभेदार बहादूरखान कोका यानं पेडगावला छावणी टाकली. हा औरंगजेबाचा दूधभाऊ. कोका या शब्दाचा अर्थच तो. त्यानं तट बांधला, पाण्याची सोय केली आणि किल्ल्याला आपलं नाव दिलं: बहादूरगड. नदीकडच्या बाजूला भीमेचं पाणी वर ओढून आत नेण्याच्या व्यवस्थेचे अवशेष आहेत. गावात त्याला हत्तीमोट म्हणतात. बैलांच्या मोटेनं विहिरीचं पाणी काढणारा शेतकरी आणि हत्तीच्या ताकदीनं नदी उचलू पाहणारं साम्राज्य एकाच गावात शेजारी राहत होतं.

हे साम्राज्य फसलं ते याच गावात. राज्याभिषेक होऊन सव्वा महिना झाला असेल. १६७४ च्या जुलैत दोन हजार मराठे स्वारांनी बहादूरखानाला हूल दिली. खान फौज घेऊन त्यांच्या मागे लागला तो छावणीपासून पन्नासेक मैल लांब गेला. मागे सात हजारांच्या दुसऱ्या तुकडीनं मोकळ्या छावणीवर झडप घातली. कोटभर रुपयांचा ऐवज आणि बादशहाला नजर करायला जमवलेले दोनशे निवडक घोडे घेऊन मराठे पसार झाले, तंबू जाळले. सर जदुनाथ सरकारांनी ही हकीगत दिली आहे. वेडाचं आणि पेडगावचं नातं याच प्रसंगातून जुळलं की आधीचं आहे, यावर वाद घालायला मला आवडेल, पण तो नंतर, नदीकाठी बसून.

याच जागी पंधरा वर्षांनी जे घडलं ते सांगताना आजही इथल्या माणसाचा आवाज खाली येतो. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडलेले छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश यांना इथे आणलं गेलं. औरंगजेब अकलूजहून बहादूरगडाला आला होता. इथे त्यांची विटंबना झाली, इथून त्यांना भीमेच्याच काठानं वर, इंद्रायणीच्या संगमाकडे नेलं आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. या प्रसंगामुळे किल्ल्याला आता धर्मवीरगड म्हणतात आणि तरुण पोरं दरवर्षी इथे माथा टेकायला येतात. येणाऱ्या प्रत्येकाला माझा नमस्कार. त्याला माझं एकच सांगणं आहे: माथा टेकल्यावर लगेच मोटारसायकलला किक मारू नका. हे गाव सात-आठशे वर्षांचं आहे आणि आपण त्यातले काही आठवडेच बघून परत जातो. महाराजांना इथे का आणलं, बादशहाला हीच जागा का लागली, त्या वेळी गावात कोण राहत होतं, त्यांनी काय पाहिलं, हे प्रश्न त्या आठवड्यांइतकेच महत्त्वाचे आहेत.

त्या गावात कोण राहत होतं, याचं एक उत्तर असं आहे की दोन भाषा बोलणारी माणसं राहत होती.

आमचा मुलूख निजामशाहीचा. १४९० ते १६३६ असं जवळजवळ दीड शतक नगरचं राज्य चाललं. दरबारची भाषा फारसी, आणि गावचा वसूल, वतन, तंटा यांची भाषा मराठी. त्या काळचे दुभाषी कागद आजही दफ्तरांत आहेत: वर फारसीचा मजकूर आणि शिक्का, खाली तोच मजकूर मोडी लिपीत मराठी. म्हणजे हुकूम सोडणाऱ्याला ठाऊक होतं की ज्याला तो पाळायचा आहे त्याला फारसी येत नाही, आणि ज्याला पाळायचा होता त्याला शिक्का कोणाचा हे वाचता येत होतं. आजही आमचा शेतकरी तहसीलमध्ये जाऊन सातबाऱ्याची नक्कल मागतो, खरीप-रब्बीचा हिशेब सांगतो, जमाबंदीवरून भांडतो, तेव्हा या शब्दांतून त्या दीड शतकाच्या फारसीचं ओझं तो किती सहज वाहतो हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

फारसी दरबारात राहिली. घरात आणि बाजारात आली ती दख्खनी. सैन्याबरोबर, फकिरांबरोबर, कारागिरांबरोबर उत्तरेतली बोली दक्षिणेत उतरली आणि मराठी, कानडी, तेलुगूच्या अंगणात वाढली. विजयनगराविरुद्धच्या १५६५ च्या लढाईवर फतेहनामा लिहिणारा हसन शौकी हा नगरच्या दरबाराशी जोडलेला दख्खनी कवी. दिल्लीत उर्दू कवितेचं बस्तान बसण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. दख्खनीत मराठीचा ‘च’ आहे, मराठीचं ‘नको’ आहे. श्रीगोंद्याच्या बाजारात भाजीच्या पाटीपाशी थोडा वेळ उभं राहा. शेजारणीशी मराठीत बोलणारी बाई मागे वळून पोराला म्हणते, ‘कायकू रोता रे? नक्को बोली ना!’ आणि पुन्हा पुढच्या गिऱ्हाइकाशी मराठीत सुरू. एका श्वासात दोन भाषा. तिला विचारलं तर ती म्हणेल, आमची काही भाषा नाही, आम्ही आपलं असंतसं बोलतो.

हे ‘असंतसं’ म्हणणं मला टोचतं. दख्खनी ही भाषा घरची आहे आणि तिला कुठेच घर नाही. मराठी शाळेत ती चालत नाही. उर्दू शाळेत उत्तरेकडची प्रमाण उर्दू शिकवतात, तिथे ती गावंढळ ठरते. टीव्हीवरची हिंदी तिला हसते. हैदराबादी विनोदाच्या व्हिडिओत तेवढी तिची चलती. जनगणनेत ती उर्दूच्या नाहीतर हिंदीच्या खात्यात जमा होते. तालुक्यात अशी आणखी दुहेरी बोलणारी घरं आहेत: पारधी, कैकाडी, वडार. घरात एक, बाहेर मराठी. गणेश देवींच्या पुढाकारानं देशभर भाषांचं लोकसर्वेक्षण झालं, त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यामुळे या बोलींची निदान दखल तरी घेतली गेली. पण ती राज्याच्या पातळीवर. आमच्या वस्तीवरच्या आजीचे शब्द वस्तीवरच आहेत, आणि आजी ऐंशीच्या पुढे आहे.

या दुहेरी बोलण्याचा सर्वांत मोठा पुरावा श्रीगोंद्यातच आहे, आणि तो कवितेचा आहे. गावाचं जुनं नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका भाविक चर्मकारावरून ते पडलं, असं सांगतात. या गावी संत शेख महंमद राहिले. त्यांचे गुरू चांद बोधले. परंपरा सांगते की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे शेख महंमदांना मानत, आणि मठाची व्यवस्था त्यांनी लावून दिली असं मानलं जातं. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५ साली पुरा झाला. मराठी ओवीतला, अठरा प्रसंगांचा ग्रंथ, मुसलमान घरात जन्मलेल्या वारकऱ्यानं लिहिलेला. शिवाय त्यांनी हिंदुस्थानी बोलीतही रचना केल्या. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांच्या वाङ्मयाचं संपादन करून ते छापलं नसतं तर आज आपल्या हाती काय उरलं असतं? स्लोव्हाकियातला दुशान देआक नावाचा अभ्यासक या श्रीगोंदेकर संतावर संशोधन करतो. आमच्या तालुक्यात किती घरांत ‘योगसंग्राम’ची प्रत आहे, हे मी विचारत नाही, उत्तर ऐकायची तयारी नाही. समाधीस्थानाच्या नावावरून आणि कारभारावरून वाद चालू आहे, तो ज्यांना चालवायचा त्यांनी कायद्यानं चालवावा. ग्रंथावर कोणाचाच दावा नाही, तो सगळ्यांना वाचायला मोकळा आहे.

आता जरा लांब जाऊन येऊ. पोलंडच्या दक्षिणेला सायलेशिया नावाचा मुलूख आहे. तिथे ओडर नदीच्या काठी लुबोवित्से हे लहानसं गाव आहे. जर्मन लोक त्याला लुबोविट्झ म्हणतात. योसेफ फॉन आयशेनडॉर्फ हा जर्मन भाषेचा मोठा कवी तिथल्या वाड्यात १७८८ साली जन्मला. घरी जर्मन, गावातल्या माणसांशी पोलिश, असं त्याचं बालपण. १९४५ च्या लढाईत तो वाडा उद्‌ध्वस्त झाला. युद्धानंतर हा भाग पोलंडकडे आला, लाखो जर्मन हाकलले गेले, जे राहिले त्यांच्या जर्मन बोलण्यावर बंदी आली. गावांची, माणसांचीही नावं बदलली गेली. आपल्या भाषेत आजीनं नातवाला हाक मारायची तर दार लावून मारायची, असे ते दिवस. जर्मनीनं पोलंडवर जे अत्याचार केले होते ते पाहता हा राग का होता हे कळतं. पण दोन पिढ्यांत राग निवला. १९९१ साली दोन्ही देशांत शेजारधर्माचा करार झाला. २००५ साली पोलंडनं अल्पसंख्याकांच्या भाषांचा कायदा केला आणि २००८ मध्ये राडवूफ या ग्रामीण भागात गावाच्या वेशीवर पोलिश आणि जर्मन अशा दोन्ही नावांच्या पहिल्या पाट्या लागल्या. लुबोवित्सेचा वाडा पुन्हा बांधलेला नाही. त्याचे भग्न अवशेष राखले आहेत आणि शेजारी कवीच्या नावानं एक केंद्र चालतं, जिथे दोन्ही भाषांची माणसं येतात.

पाट्यांना काळं फासण्याचे प्रकार तिथेही झाले. सगळं गोडीगुलाबीनं होतं असं कोणी समजू नये. तरी ज्यांच्यात एवढं रक्त सांडलं ते गावाच्या वेशीवर दोन नावं लिहू शकतात, तर आम्हाला निदान वहीत लिहायला काय हरकत आहे? आमचा मुलूख नावं बदलण्यात कोणाला हार जाणारा नाही. चांभारगोंद्याचं श्रीगोंदे झालं, बहादूरगडाचा धर्मवीरगड झाला, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नवी नावं लोकांनी प्रेमानं घेतली, ती मानानं लावा. पण जुनी नावंही त्याच फलकावर बारीक अक्षरांत का होईना लिहा, कारण कागद जुन्या नावानं सापडतात. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा वृत्तान्त लिहिणाऱ्या साकी मुस्तैदखानाच्या ग्रंथात धर्मवीरगड शोधला तर मिळायचा नाही. बहादूरगड शोधावा लागतो. इंग्रजांच्या काळातल्या कागदांत पेडगाव. शत्रूनं लिहिलेल्या कागदातूनच महाराजांच्या धैर्याची साक्ष काढायची असेल तर शत्रूनं दिलेलं नाव विसरून कसं चालेल?

मोगलांचा अंमल गेला तसं पेडगावचं महत्त्व ओसरलं. गाव मराठ्यांकडे आलं, मग कंपनी सरकारकडे. श्रीगोंद्यात शिंद्यांचे वाडे उभे राहिले, त्यांचं वैभव ग्वाल्हेरला गेलं. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि रहदारी रुळांच्या मागे गेली. नदीकाठचं ठाणं आडबाजूला पडलं. १८८४ च्या गॅझेटिअरनं पेडगावची नोंद केली ती पडक्या तटांची आणि जुन्या देवळांची. त्याला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा जे पडकं होतं त्यातलंही बरंच आता नाही.

काय काय जातंय ते सांगतो. तटाचे घडीव दगड अनेक ठिकाणी गोठ्यांच्या पायांत जिरलेले असतात, तसे इथेही. लोकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. वेडी बाभूळ किल्ल्यांत घुसते आणि तिची मुळं चिरे फोडतात. गावाच्या म्हणीशी तिनं साधलेला हा मेळ ऐकायला गमतीचा वाटतो, तटाला मात्र तो महागात पडतो. गुप्तधनाच्या हव्यासानं रात्री खड्डे खणणारे आहेतच. पांढरीची माती शेतात टाकली की पीक चांगलं येतं, म्हणून जुन्या गावठाणांच्या टेकाडांची ट्रॉलीनं माती उचलली जाते. त्या मातीत खापरं असतात, बांगड्यांचे तुकडे असतात, नाणी असतात, म्हणजे गावाचा न लिहिलेला इतिहास असतो. भीमेच्या वाळूचं काय झालं ते या पट्ट्यातल्या कोणालाही सांगायला नको. वाळू गेली की पात्र खोल जातं आणि काठ ढासळतो, आणि पेडगावचा तट काठावरच उभा आहे.

आणि एक धोका भक्तीचा आहे. आमच्याकडे जुन्या देवळावर प्रेम दाखवायचं म्हणजे त्याला ऑइलपेंट द्यायचा, आत चकचकीत फरशी बसवायची, बाहेर स्टीलचं रेलिंग ठोकायचं. वर्गणी काढून, मनापासून, घाम गाळून केलेलं हे काम असतं, म्हणून त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. तरीही ठेवतो. सातशे वर्षं ज्या दगडानं श्वास घेतला त्याच्यावर रंगाचा थर चढला की आतला ओलावा आतच कुजतो आणि कोरीवकाम पापुद्र्यांनी सुटायला लागतं. पुरातत्त्वाच्या जाणकाराला विचारल्याशिवाय लक्ष्मी-नारायणाच्या एकाही दगडाला हात लावू नका. ब्रशसुद्धा नको.

सर्वांत मुकाट्यानं जातात ती नावं. एकत्रीकरणात गट नंबर आले आणि शिवाराची नावं सातबाऱ्यावरून गेली. कोणत्या रानाला छावणीचं रान म्हणत, कोणत्या विहिरीला हत्तीची, कोणत्या वाटेनं उंट यायचे, नदीला उतार कुठे होता, होडी कुठे लागायची, पुराचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं की गाव उठायचं: हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. इतिहासकाराला अशा एका नावावरून छावणीचा अख्खा नकाशा उभा करता येतो. ते नाव लिहिलेलं नसेल तर तो काय करणार?

म्हणून मागणं असं की पेडगावचं गावपुस्तक तयार व्हावं. जैवविविधतेच्या कायद्याखाली गावोगाव झाडापाखरांची लोकनोंदवही करायची असते, हे ग्रामपंचायतीच्या लोकांना माहीत आहे. तशीच ही इतिहास-भूगोलाची आणि बोलीची नोंदवही. मराठीत लिहायची, आणि ज्या घरात जी बोली आहे तिच्यातले शब्द, म्हणी, पाळणे, लग्नातली गाणी देवनागरीत जशीच्या तशी उतरवायची. दख्खनीत सांगितलेली गोष्ट मराठीत ‘सुधारून’ लिहू नका. शुद्ध करायला गेलात तर हाती काहीच राहणार नाही.

शाळेतली मुलं हे काम उत्तम करतील. प्रत्येकाच्या घरी फोन आहे. आजी-आजोबांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं, बोलणाऱ्याचं वय आणि तारीख फाइलच्या नावात घालायची. प्रश्न साधे विचारा: लहानपणी नदीवर कुठून उतरायचात? तुमच्या शेताला काय म्हणायचे? दुष्काळात काय खाल्लं? कोणत्या सणाला शेजारच्या घरून ताट यायचं? ‘इतिहास सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं टीव्हीवर ऐकलेलं सांगतात. शेताचं नाव विचारा, मग बघा काय निघतं.

ज्यांच्या घरात जुने मोडी कागद आहेत त्यांना हात जोडून सांगतो, ते रद्दीत घालू नका, देव्हाऱ्यातही बांधून ठेवू नका. वाळवीला दोन्ही सारखेच. कागद कोणाला द्यायचे नसतील तर देऊ नका. नुसते फोटो काढू द्या. पुण्याचं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय, इथे मोडीचे जाणकार भेटतात. जमिनीचा वाद उकरला जाईल या भीतीनं लोक कागद दाखवत नाहीत, हे मला कळतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या महजरावरून, म्हणजे निवाड्याच्या कागदावरून, आज कोणाचा बांध हलत नसतो.

तालुक्यातून पुण्याला, चिंचवडला, हडपसरला जाऊन स्थिरावलेल्यांनी यात्रेला येताना एक दिवस जास्त काढावा. तुमच्यात छायाचित्रकार आहेत, सर्वेक्षण करणारे अभियंते आहेत, ड्रोन उडवणारी पोरं आहेत. तटाचं मोजमाप, देवळाच्या प्रत्येक बाजूचं छायाचित्र, हे आज झालं तर उद्या काही पडल्यावर निदान काय पडलं ते तरी कळेल. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांना मोजणीसाठी जागा हवीच असते. त्यांना बोलवा, गावात जेवण-मुक्कामाची सोय करा. सिद्धटेकला बस नेणाऱ्यांनीही एक थांबा वाढवावा. बघणारी माणसं वाढली की वाळूवाल्यांची आणि खड्डे खणणाऱ्यांची हिंमत कमी होते, हा साधा अनुभव आहे.

आणि किल्ल्यावर श्रमदान करणाऱ्या तरुणांनो, तुमच्यामुळे बाभळी हटतात, वाटा मोकळ्या होतात. गावातल्या मुसलमान घरांतल्या, पारधी पालांवरच्या पोरांनाही हाक मारा. त्यांच्या पूर्वजांनीही हा तट पाहिला आहे, कदाचित बांधलाही आहे. हातात कुऱ्हाड घ्यायला एकत्र आलेले लोक पुढे वही घेऊनही एकत्र बसतात.

वर्षातून चार ठरलेल्या दिवशी ग्रामसभा होते: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. येत्या सभेच्या आधी साध्या कागदावर लेखी अर्ज द्या. गावपुस्तकाचा ठराव, देवळांना रंग न देण्याचा ठराव आणि पांढरीची माती न उचलण्याचा ठराव, हे तीनही विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. अर्जाची पोच मागून घ्या. पेडगावकरांनी सुरुवात करावी, आणि तालुक्यातल्या ज्यांना आपल्या गावासाठी हेच करायचं आहे त्यांनी पेडगावचा ठराव मागवून त्यावर आपल्या गावाचं नाव घालावं.